नेब्रास्कातला जिमखाना

जिमखाना म्हटले की मुंबईकराला मरीन ड्राइव्हच्या बाजूची, ओळीने मांडलेली क्रिकेटची मैदाने आठवतात आणि पुणेकराला डेक्कनवरचा बसथांबा. आमच्यासारख्या कॉलेजातल्या मास्तरांना आठवते ती दरवर्षी विद्यार्थ्यांकडून वसूल होणारी जिमखाना फी, आणि त्या फीच्या मोबदल्यात कॉमन रूममध्ये मांडलेला एक जुना, पावडरीविना अडखळणारा कॅरमबोर्ड. हा शब्द साहेबाने विलायतेहून बरोबर आणला अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो जन्मला आपल्याच देशात. अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' म्हणून जो प्रसिद्ध कोश आहे त्यात ह्या शब्दाचा माग रुरकीच्या १८६१ सालापर्यंत लावलेला आहे. 'गेंदखाना', म्हणजे चेंडू खेळण्याची जागा, ह्या हिंदुस्थानी शब्दाला 'जिम्नॅस्टिक'चे टोपडे घालून तो तयार झाला असावा, असे कोशकारांचे म्हणणे. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ सालचा आणि पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. पुढे घोड्यावर बसून करायच्या गमतीच्या खेळांनाही जिमखाना हेच नाव पडले. ओळीने खुंट रोवायचे, त्यांच्यामधून घोडा नागमोडी काढायचा, टोकाच्या खुंटाला वळसा घालून परत यायचे आणि कोण लवकर आला ते पाहायचे.

हे सारे पुराण सांगण्याचे कारण असे, की ह्याच शब्दाच्या पाठीमागे गेल्या उन्हाळी सुट्टीत मी थेट अमेरिकेतल्या नेब्रास्का संस्थानात जाऊन पोहोचलो. १९५०च्या सुमारास तिकडल्या हौशी मोटारवाल्यांनी आपल्या छोट्या स्पोर्ट्स गाड्या मोकळ्या पटांगणात नागमोडी पळवण्याचा जो खेळ काढला, त्यालाही त्यांनी जिमखाना असेच म्हणायला सुरुवात केली. घोड्याच्या जागी मोटार आली आणि खुंटाच्या जागी रस्तादुरुस्तीच्या कामावर असतो तसला रबरी नारिंगी शंकू आला. अमेरिकेत आता ह्या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. जपानात मात्र तो अजून जिमखाना ह्याच नावाने खेळला जातो. रुरकीचा शब्द टोकियोपर्यंत गेला आणि आपल्याकडे त्याची फी तेवढी उरली!

मी नेब्रास्कात गेलो तो काही ह्या संशोधनासाठी नव्हे. माझी थोरली बहीण गेली वीस वर्षे ओमाहा शहरात राहते. ताई तिथल्या एका ग्रंथालयात काम करते, भाऊजी हिशेबनीस आहेत, आणि त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, चोवीस वर्षांची इंजिनिअर आहे. मी निघण्यापूर्वी ताईचा फोन आला. खुशालीच्या गोष्टी संपल्यावर तिचा आवाज एकदम खाली आला. "तू येतोच आहेस, तर त्या पोरीला जरा समजाव. मामाचं ऐकेल ती. ती गाडी विकायला सांग."

ती गाडी म्हणजे माझदा कंपनीची मियाटा. दोन माणसांपुरती, वरचे कापडी छप्पर मागे दुमडता येणारी, हजार किलोच्या आसपास वजनाची. ही जात १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली, आणि २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. भाचीची गाडी १९९४ सालची, म्हणजे मालकिणीपेक्षा सात वर्षांनी वडील. तिने ती स्वतःच्या पगारातून, तिसऱ्या की चौथ्या हाताने घेतलेली. आदल्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी पावसात महामार्गावरून खाली उतरणाऱ्या वळणावर ही गाडी भोवऱ्यासारखी फिरली, कडेच्या गवतात गेली आणि तोंड आल्या वाटेकडे करून थांबली. पोरीला खरचटलेही नाही. मागून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. पण ताईची झोप त्या दिवसापासून उडाली, ती माझे विमान उतरेपर्यंत आलेली नव्हती. भाऊजींचे मत विचारावे तर ते नेब्रास्काच्या हिवाळ्यासारखे गोठलेले. "तुम्ही मायलेकी काय ते ठरवा," एवढेच ते म्हणत.

पोरीने मात्र एक वेगळाच मार्ग काढला होता. गाडी विकायला ती तयार नव्हती, पण आपल्याला गाडी येत नाही हे तिने स्वतःशी मान्य केले होते. वसंत ऋतू सुरू झाल्यापासून महिन्यातल्या एका रविवारी ती लिंकन शहरात ऑटोक्रॉसला जाऊ लागली. "गाडी उलटीपालटी झाली म्हणून शर्यतीत घालायची, हे कुठलं शहाणपण?" असा ताईचा सवाल. तो मलाही रास्त वाटला. शेवटी असे ठरले की येत्या रविवारी तिघांनी जाऊन पाहावे, आणि मग मी काय तो निवाडा द्यावा. मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीच्या खटल्यात न्यायाधीश नेमण्याची कल्पना फक्त माहेरच्या मायेलाच सुचू शकते.

ओमाहाहून लिंकन पंचावन्न मैलांच्या आसपास. नेब्रास्का म्हणजे मक्याचा, सोयाबीनचा आणि आभाळाचा मुलूख. आपल्याकडे प्रवासात डोंगर आडवा येतो; इथे नजरेला अडवायला काही नाही. लिंकनहून पश्चिमेला ग्रँड आयलंडकडे जाणारा महामार्ग तर सुमारे सत्तर मैल जवळजवळ सरळ रेषेत आहे. आपल्या खंडाळ्याच्या घाटात वाढलेल्या ड्रायव्हरला तिथे नेऊन सोडले तर बिचारा कंटाळून झोपी जाईल. अशा ह्या सरळ रस्त्यांच्या संस्थानात मोटार वळवण्याच्या कलेची राष्ट्रीय स्पर्धा भरावी, ही गंमतच म्हणायची. 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था १९४४ सालची. ऑटोक्रॉसची पहिली राष्ट्रीय स्पर्धा तिने १९७३ साली भरवली, आणि २००९ सालापासून बरीच वर्षे ही जत्रा सप्टेंबरात लिंकनलाच भरत आली. हजाराहून अधिक माणसे देशभरातून आपापल्या गाड्या घेऊन तिथे उतरतात.

लिंकन ही संस्थानाची राजधानी. लांबूनच तिच्या विधानभवनाचा चारशे फूट उंच मनोरा दिसू लागतो. १९३२ साली बांधून पुऱ्या झालेल्या ह्या इमारतीच्या शिखरावर राजा नाही, सेनापती नाही. धान्य पेरणाऱ्या शेतकऱ्याचा ब्राँझचा पुतळा आहे. शेतकऱ्याला डोक्यावर घेणे म्हणजे काय ते इथे अक्षरशः पाहायला मिळते.

शहराच्या वायव्येला विमानतळाशेजारी एअरपार्क नावाचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली इथे लष्कराचा विमानतळ झाला आणि विमानांचे मेकॅनिक तयार होऊ लागले. पुढे अमेरिका आणि रशिया ह्यांचे शीतयुद्ध पेटले तेव्हा बी-४७ जातीची प्रचंड बाँबफेकी विमाने इथे सज्ज ठेवली जात, आणि आसपासच्या शेतांखाली ॲटलास क्षेपणास्त्रे पुरलेली असत. १९६६ साली हवाई दलाने हा तळ बंद केला. विमाने गेली, पण ती उभी राहावीत म्हणून ओतलेले काँक्रीटचे अफाट अंगण मागे राहिले. त्या अंगणाच्या कडेला उभे राहून मी पाहिले तेव्हा दुसऱ्या टोकाची माणसे मुंग्यांएवढी दिसत होती. फरशांच्या सांध्यांतून गवत उगवले होते, रात्रीच्या पावसाची तळी ठिकठिकाणी साचली होती आणि कुठूनसा मेडोलार्क ह्या तिथल्या पाखराचा गोड आलाप ऐकू येत होता. ज्या जागेवरून जगाचा संहार करायला विमाने निघायची, तिथे आता माणसे रबरी शंकू मांडत होती.

शर्यत म्हणून मी मनाशी जे चित्र रंगवले होते, म्हणजे कर्णकर्कश आवाज, चकचकीत गाड्या, अंगावर जाहिराती मिरवणारे वीर, त्यातले तिथे काहीही नव्हते. असेल तर आपल्याकडच्या वनभोजनाची कळा होती. शंभरएक गाड्या ओळीने लागलेल्या, त्यांच्याजवळ घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, थर्मास. कोणाची नवी कोरी गाडी, कोणाची रंग उडालेली. एक आई मागच्या सीटवरची बाळाची खुर्ची सोडवून जमिनीवर ठेवत होती. एक बापलेक एकाच गाडीत पाळीपाळीने बसणार होते. पटांगणात गाडी माणसाच्या चालीने हाकायची असा दंडक, आणि तो कोणी मोडला तर त्याला घरी पाठवत.

नवशिक्याला ह्या खेळात शिरायला लागते किती थोडे, ह्याचे मला नवल वाटले. गाडी चालवण्याचा साधा परवाना हवा, रोजच्या वापरातली गाडी हवी आणि पन्नासएक डॉलर प्रवेशफी हवी. हेल्मेट नसेल तर क्लब एका दिवसापुरते उसने देतो. 'जे होईल ते माझ्या जबाबदारीवर' अशा कागदावर आम्हा सर्वांच्या सह्या घेतल्या. ताईने तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मीच तो लिहिला होता.

मग गाडी रिकामी करायची. सुटी असलेली प्रत्येक वस्तू बाहेर काढायची, कारण वळणावर पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकच्या खाली गेली तर संपलेच. भाचीच्या गाडीतून दोन छत्र्या, तीन पुस्तके, एक चप्पल आणि ताईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा निघाला. नंतर तपासनीस आला. त्याने चाकांचे नट घट्ट आहेत ना ते पाहिले, चाके हाताने हलवून पाहिली, बॅटरी जागच्या जागी बांधलेली आहे का, ब्रेक दाबल्यावर पक्का लागतो का, पट्टे शाबूत आहेत का, हे सारे पाहिले आणि काचेवर एक चिठ्ठी डकवली. दारावर चिकटपट्टीचे तुकडे लावून भाचीने आपला आकडा काढला. टायरमधली हवा मोजली. "गाडीला काही खास बसवून घ्यावं लागतं का गं?" मी विचारले. ती म्हणाली, "इथला पहिला नियम सांगू, मामा? पहिल्या वर्षी गाडीवर एक पैसा खर्च करायचा नाही. आधी ड्रायव्हर दुरुस्त करायचा."

त्यानंतर सगळे पायी निघाले. ह्या खेळात मार्ग दर वेळी नवा मांडतात, आणि शर्यतीपूर्वी तो पायी चालून डोक्यात भरून घ्यायचा असतो. गाडीने सराव करायला मिळत नाही. मीही निघालो. उंचावरून पाहावे तर नारिंगी शंकूंचे नुसते रान. वाट कुठून जाते काही कळेना. दोन शंकू समोरासमोर उभे असले की ते दार. एका ओळीत अंतराअंतराने उभे असले की त्यांच्यामधून वेणी घालत जायचे. आणि उभ्या शंकूच्या शेजारी एक आडवा पडलेला असला की त्याचे टोक दाखवील त्याप्रमाणे उभ्याच्या कोणत्या अंगाने जायचे ते ओळखायचे. प्रत्येक शंकूच्या पायाभोवती फरशीवर चौकट आखलेली. गाडीचा धक्का लागून शंकू आडवा झाला किंवा उभाच राहून चौकटीच्या पार बाहेर गेला, तर वेळेत दोन सेकंद वाढवायचे. पण त्याचा पाय चौकटीला नुसता चिकटून असला तरी माफ. एखादे दार चुकले तर ती फेरीच रद्द. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायचे ठाऊक होते, बाहेर पडायचे नव्हते. इथे नवशिक्याला दोन्ही ठाऊक नसते.

नवशिक्यांच्या घोळक्याला मार्ग दाखवायला एक सत्तरीच्या घरातले गृहस्थ होते. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, म्हणजे आमच्याच पंथातले. त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. मोटार जमिनीला चिकटते ती चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांनी. त्या प्रत्येक टायरपाशी सोळा आणे आहेत असे समजा. तेवढेच. त्यांतूनच ब्रेक लावायचा, त्यांतूनच वळायचे, त्यांतूनच वेग घ्यायचा. बारा आणे ब्रेकवर खर्चलेत तर वळायला जेमतेम चार उरतात, आणि तुम्ही चक्र मात्र सोळा आण्यांचे फिरवता. मग गाडी सरळ जाते किंवा घसरते. म्हणून ब्रेक सरळ वाटेवर, वळणापूर्वी लावून घ्यावा, मग वळावे आणि गाडीचे तोंड सरळ होऊ लागले की हळूहळू वेग द्यावा. त्यांचे दुसरे सांगणे असे, की पाय झटकन उचलला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर कलंडते आणि मागची चाके हलकी होतात. भर वळणात हे केले, त्यातून जमीन ओली असली, तर मागची बाजू पुढे यायला पाहते. हे ऐकताना मी भाचीकडे पाहिले. ती खाली काँक्रीटकडे पाहत होती.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. ज्या शंकूला घाबरून तुम्ही त्याच्याकडे टक लावून पाहता, तोच तुम्ही उडवता. हात डोळ्यांच्या मागे जातात. म्हणून नजर नेहमी पुढच्या, किंबहुना त्याच्याही पुढच्या दाराकडे ठेवायची. जवळचे आपोआप जमते.

मग खेळ सुरू झाला. एका वेळी एकच गाडी सुटते. फार तर पहिली बरीच पुढे गेल्यावर दुसरी सोडतात. कोणाशी घासायचे नाही, कोणाला मागे टाकायचे नाही. वेगही महामार्गावरच्या वेगाहून जास्त नसतो, बहुतेक सारा खेळ दुसऱ्या गिअरवर. एक फेरी मिनिटाभराची. सुरुवातीला आणि शेवटी प्रकाशाचा किरण आडवा सोडलेला असतो. चाक त्याला छेदून गेले की घड्याळ चालू, पुन्हा छेदले की बंद. सेकंदाचा हजारावा हिस्सा पाटीवर झळकतो. पाहता पाहता मला आपल्या खेड, आंबेगाव, जुन्नरकडल्या बैलगाड्यांच्या घाटांची आठवण झाली. तिथेही दोन गाडे एकमेकांशी भिडत नाहीत. एकेकाची बारी निघते आणि झुंज असते ती घड्याळाशी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शर्यती बंद केल्या आणि २०२१च्या डिसेंबरात अटी घालून पुन्हा परवानगी दिली. त्या घाटांवर हजारो माणसे सेकंदाच्या हिश्शावरून तासन् तास वाद घालतात. ती रसिकता मला इथे जशीच्या तशी भेटली. फक्त भंडाऱ्याऐवजी इथे टायरची धूळ उडत होती.

ह्या खेळाची एक रीत मला फार आवडली. निम्मे लोक गाड्या पळवतात तेव्हा उरलेले निम्मे मैदानात उभे राहून काम करतात, आणि मग पाळी बदलते. पैसे भरले म्हणून काम चुकत नाही. मलाही केशरी जाकीट मिळाले. भाचीबरोबर मी एका वळणापाशी उभा होतो. शंकू पडला की धावत जाऊन तो चौकटीत उभा करायचा आणि हातातल्या यंत्रावरून गाडीचा आकडा कळवायचा; वाटेत काही धोका दिसला तर लाल निशाण. आमच्या शेजारी एक सर्जन बाई होत्या आणि पलीकडे गॅरेजमध्ये काम करणारा एक पोरगा. शंकूच्या पाठीमागे तिघेही सारख्याच जोमाने पळत. एक गाडी चारशेहून अधिक अश्वशक्तीची, नवी कोरी. तिचा तरुण मालक प्रत्येक वळणात उशिरा ब्रेक दाबी आणि शंकूंचा सडा घाली. त्याच्या पाठोपाठ गणिताचे मास्तर आपल्या जुन्या मियाटातून आले. आवाज नाही, धांदल नाही, चक्रावर हात जणू हार्मोनियमवर फिरावेत तसे. पाटीवर त्यांचा वेळ त्या तरुणापेक्षा आठ सेकंदांनी कमी लागला.

भाचीला चार फेऱ्या मिळायच्या होत्या. मास्तर शेजारी बसले. पहिली फेरी ५२.८१६ सेकंदांची, पण दोन शंकू उडाले, म्हणजे ५६.८१६. दुसऱ्या फेरीत वाटच चुकली. मी ताईकडे पाहिले. ती दोरीच्या अलीकडे पदर आवळावा तशी शाल आवळून उभी होती.

तिसऱ्या फेरीत पलीकडच्या टोकाला, जिथे रात्रीच्या पावसाची ओल अजून वाळली नव्हती तिथे, डाव्या वळणावर गाडीची मागची बाजू सटकली. आम्हा दोघांनाही ते लांबून स्पष्ट दिसले. ताईच्या तोंडून "अगं बाई!" एवढेच निघाले. पण गाडी फिरली नाही. पुढची चाके घसरणीच्या दिशेला किंचित वळली, क्षणभर सारे अधांतरी राहिले, आणि मग मागची बाजू मुकाट्याने रांगेत आली. पुढच्या दारातून ती नीट बाहेर पडली. पाटीवर ५१.९४० आले. एकही शंकू पडला नव्हता.

गाडी उभी करून, हेल्मेट काढून ती आमच्याकडे आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. "आई, त्या दिवशी हेच झालं होतं," ती म्हणाली. "अगदी हेच. तेव्हा मी घाबरून पाय उचलला आणि ब्रेक दाबला. आज नाही उचलला."

ताई काही बोलली नाही. तिने डबा उघडून तिच्या हातावर एक लाडू ठेवला.

चौथ्या फेरीत ५०.३७७ आले, पण एक शंकू गेला, म्हणजे तिसरीच सरस ठरली. नवशिक्या बारा जणांत भाची सातवी आली. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. दुपारी अधिकृत फेऱ्या संपल्यावर हौसेच्या फेऱ्या असतात. तेव्हा कोणालाही शेजारी बसवता येते. मी पुढे होणार तेवढ्यात ताईच म्हणाली, "तू थांब. मी बसते."

बावन्न वर्षांची माझी बहीण, ओमाहातल्या ग्रंथालयात पुस्तके लावणारी, जिला झोक्यावरसुद्धा चक्कर येते, ती उसने हेल्मेट घालून त्या फळकुटाएवढ्या गाडीत बसली. मिनिटभर मी श्वास धरून उभा होतो. गाडी परत आली, दार उघडले, आणि ताई बराच वेळ बाहेर येईना. पट्टा सुटत नव्हता. बाहेर आल्यावर ती लेकीला म्हणाली, "तू सारखी लांब बघत होतीस. रस्त्यावरपण तशीच बघतेस का?" पोरगी म्हणाली, "आता बघते."

मास्तरांनी मग गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून टायरची कड पाहिली आणि ताईला जवळ बोलावले. टायरवर जे बारीक आकडे असतात त्यांतले शेवटचे चार म्हणजे तो कारखान्यातून निघाल्याचा आठवडा आणि वर्ष. भाचीचे मागचे टायर तेरा वर्षांचे निघाले. वरून नक्षी शाबूत, म्हणून कोणाला संशय आला नव्हता. पण रबर वयाने कडक झालेले. ओल्या रस्त्यावर असल्या टायरपाशी सोळा कुठले, आठ आणेही नसतात. ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी पायाचा दोष होता तसा ह्यांचाही होता. ताईने चष्मा लावून ते आकडे स्वतः वाचले. परतीच्या वाटेवर तिने भाऊजींना फोन लावला आणि माझ्याकडून निवाडा न घेताच सांगून टाकले, "गाडी राहू दे. उद्या चारही टायर बदलून आणा."

"पहिल्या वर्षी गाडीवर एक पैसा खर्च करायचा नाही" हा नियम असा पहिल्याच महिन्यात मोडला. पण नियम करणारे मास्तर स्वतःच त्याला साक्षी होते, तेव्हा तक्रार कोणी करायची?

पुण्यास परत आल्यावर हे सगळे मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा एक सहकारी म्हणाले, "हे श्रीमंत देशाचे चोचले." मला तसे वाटत नाही. आपल्याकडे मोटारींचा शौक नवा नाही. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ सालची आहे. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातली एक धावपट्टी पडून होती, तिच्यावर कित्येक वर्षे शर्यती झाल्या. म्हणजे लिंकनची युक्ती आपल्यालाही ठाऊक होती. ऑटोक्रॉसही आपल्या देशात होते, बहुधा मातीच्या मैदानावर. पण घराघरांत अठरा वर्षांचे मूल नव्या परवान्यासह गाडीची किल्ली मागते तेव्हा त्याला आपण काय शिकवलेले असते? आठ आकडा काढून दाखवला की परवाना मिळतो. ब्रेक दाबून चाक घसरते तेव्हा काय करावे, हे त्याला पहिल्यांदा कळते ते द्रुतगती मार्गावर, समोर ट्रक असताना. वेगाची हौस तर त्याला असतेच. ती रात्री अकरानंतर रिकाम्या रस्त्यांवर भागवली जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात आपण ती बातमी वाचतो.

एक मोकळे पटांगण, पन्नास शंकू, एक घड्याळ, चार जाणती माणसे आणि खेळणाऱ्याने मैदानात राबायचे हा दंडक, एवढ्यावर हा खेळ उभा आहे. साखर कारखान्यांच्या आवारात, बाजार समित्यांच्या अंगणात रविवारी मोकळी जागा पुष्कळ असते. परवानगी, रुग्णवाहिका, विमा ही उस्तवार करणारी एखादी संस्था उभी राहिली, तर आपल्या मुलांना चूक करायला एक सुरक्षित जागा मिळेल. चुकीची शिक्षा तिथे दोन सेकंदांची असते.

दिवाळीत पाहुण्यांची वर्दळ आहे; घरातल्या गाड्या गावोगाव धावणार आहेत. वाचकहो, निघण्यापूर्वी खाली वाकून आपल्या टायरवरचे ते चार आकडे एकदा वाचा. चष्मा लागतो, पण वाचता येतात.